रिकामी खुंटी बोलते : गोटी-पान्यांसाठी घरच्या घरी करता येणारी फळी

जून महिना उजाडला की गोव्याच्या किनाऱ्यावरील धक्क्यांचे रूप पालटते. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक होड्यांच्या मासेमारीस बंदी असते. मालीम, कुटबण, वास्को, शापोरा येथे ट्रॉलर विसावतात आणि वर्षभर राबलेली इंजिने खोलली जातात. त्याच सुमारास फोंडा व सत्तरीकडच्या कुळागरांत उन्हाळाभर चाललेले पाण्याचे पंप दुरुस्तीसाठी उतरवले जातात, शेतात पॉवर टिलर उतरतात आणि गावच्या नाक्यावरील दुचाकी दुरुस्तीच्या दुकानात गर्दी वाढते. या सर्व ठिकाणी कामाचे स्वरूप वेगळे असले, तरी एक दृश्य हमखास दिसते. नट समोर असतो, दांडा हातात असतो, आणि हवी ती गोटी मात्र सापडत नसते.

मेकॅनिक मंडळी ज्या लहान नळकांडीवजा वस्तूला ‘गोटी’ म्हणतात, तिचे कारखान्यातले नाव सॉकेट. किमतीने ती हत्यारपेटीतील किरकोळ वस्तू. परंतु ती वेळेवर न मिळाल्यास होडी धक्क्यावर अडकते, पंप बंद राहतो आणि पीक वाळते. ती चुकीच्या मापाची वापरली गेल्यास नटाचे कोपरे झिजतात व हात सोलवटतो. आणि ती यंत्रातच विसरली गेल्यास यंत्राची, क्वचित माणसाचीही, हानी होते. हे तिन्ही धोके टाळण्याचा एक अत्यंत साधा उपाय आहे : प्रत्येक गोटीला तिची स्वतःची खुंटी असलेली एक फळी. ही फळी सुताराकडे न जाता, वाळलेल्या लाकडाच्या तुकड्यातून कोणालाही एका दिवसाच्या मेहनतीत करता येते. ती कशी करावी आणि का करावी, याची माहिती येथे दिली आहे.

दांडा एक, गोट्या अनेक

पूर्वी प्रत्येक मापाच्या नटासाठी स्वतंत्र पाना असे व त्या पान्याचा दांडा त्यालाच जोडलेला असे. पाने जड असत, जागा अडवत. पण ते सहसा हरवत नसत. हातभर लांबीचा पाना कोठेही ठेवला तरी नजरेस पडतो. बदलता येणाऱ्या गोट्या आणि एकाच दिशेने आवळणारा रॅचेटचा दांडा यांचे पेटंट अमेरिकेत १८६३ साली दिले गेले. या कल्पनेला खरी बाजारपेठ मिळाली ती मोटारगाड्यांचा प्रसार झाल्यावर. १९२० साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरात जोसेफ जॉन्सन व विल्यम सिडमन यांनी ५ दांडे व १० गोट्या असा संच विकण्यास प्रारंभ केला. कोणत्याही दांड्याला कोणतीही गोटी बसत असल्याने हा लहानसा संच ५० पान्यांचे काम करी.

या सोयीमुळे मेकॅनिकच्या खांद्यावरील ओझे कमी झाले. त्याचबरोबर एक नवी अडचणही जन्मास आली. दांड्यापासून सुटी झालेली गोटी लहान, गोल आणि गडगडणारी असते. ती इंजिनाच्या सांध्यात शिरते, होडीच्या तळातील तेलकट पाण्यात बुडते, वाळूत रुतते किंवा कोणाच्या तरी खिशातून घरी जाते. ज्या गुणामुळे गोटी उपयुक्त ठरली, त्याच गुणामुळे ती हरवू लागली. म्हणून गोट्यांचा संच विकत घेतला की काम संपत नाही. त्यांना बांधून ठेवणारी एखादी जागा निर्माण करणे हे त्याच खरेदीचे दुसरे अंग होय.

मापांचा घोळ आणि झिजलेले नट

गोट्या एका डब्यात एकत्र टाकून ठेवण्याची पद्धत सर्वत्र आढळते. तिचा पहिला तोटा म्हणजे शोधण्यात जाणारा वेळ. परंतु त्याहून मोठा तोटा मापांच्या गोंधळाचा आहे, आणि आपल्याकडे तो विशेष जाणवतो. याचे कारण एकाच गावात निरनिराळ्या धाटणीची यंत्रे नांदत असतात.

८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टाचे उदाहरण घेऊ. युरोपीय धाटणीच्या यंत्रात त्याच्या डोक्यास १३ मिलिमीटरची गोटी लागते, तर जपानी धाटणीच्या मोटारगाड्यांत व दुचाकींत बहुधा १२ मिलिमीटरची. १० मिलिमीटर जाडीच्या बोल्टास जुन्या युरोपीय पद्धतीत १७, नव्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत १६ व जपानी पद्धतीत बहुधा १४ मिलिमीटरची गोटी लागते. त्यात इंचाच्या मापाचे जुने इंजिन आले की घोळ पूर्ण होतो. अर्धा इंच म्हणजे १२.७० मिलिमीटर. त्यावर १३ ची गोटी बसल्यासारखी वाटते. मात्र ती ०.३० मिलिमीटरने सैल असते. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, तेथे १९ ची गोटी बहुधा चालून जाते. परंतु ११/१६ इंच म्हणजे १७.४६ मिलिमीटर, तेथे १७ ची गोटी बसत नाही व १८ ची सैल पडते.

सैल गोटीवर जोर दिला की तो जोर नटाच्या सपाट बाजूंवर न पडता कोपऱ्यांवर पडतो. कोपरे गोल होतात, गोटी निसटते आणि दांड्यावर टाकलेल्या संपूर्ण वजनानिशी हात शेजारच्या लोखंडावर आदळतो. समुद्राच्या खाऱ्या हवेत गंजून बसलेल्या नटाबाबत तर ही शक्यता अधिक. असा झिजलेला नट पुढे छिन्नीने फोडावा लागतो किंवा वेल्डिंगवाल्यास बोलवावे लागते. बोटभर गोटीसाठी सुरू झालेली चूक अशी दिवसभराच्या कामावर येते.

अनुभवी कारागीर अनेकदा नजरेने माप ओळखतो. तथापि शिकाऊ मुलास ते जमत नाही. तो डब्यात हात घालून ‘लागेल ती’ गोटी उचलतो. मापाप्रमाणे ओळीने मांडलेली फळी समोर असेल, तर तोच मुलगा १३ सैल वाटली की शेजारची १२ घेऊन पाहतो. फळी त्याला न बोलता मापांचा क्रम शिकवते.

न सापडलेले हत्यार

हत्यार हरवले, एवढ्यावर काही वेळा गोष्ट थांबत नाही. पंपाच्या किंवा इंजिनाच्या फिरत्या दांड्यावरील नटावर गोटी तशीच राहिली आणि यंत्र सुरू झाले, तर ती गोफणीतील दगडासारखी भिरकावली जाते. इंजिनाच्या वरच्या भागातून आत पडलेली गोटी आतील भाग चिरडते. ‘गोटी कोठे गेली’ हा प्रश्न यंत्र सुरू करण्यापूर्वी विचारला गेला, तर त्याचे उत्तर शोधता येते. नंतर विचारला गेला, तर उत्तर यंत्रच देते.

मोठमोठ्या संस्थाही या चुकीतून सुटलेल्या नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये एका एअरबस ए-३८० जातीच्या प्रचंड प्रवासी विमानाची लॉस एंजेलिस येथे देखभाल झाली. त्या वेळी इंजिन फिरवण्यासाठी वापरलेले, सव्वा मीटर लांबीचे नायलॉनचे हत्यार इंजिनातच राहून गेले. विमानाने त्यानंतर ३४ उड्डाणे केली व सुमारे २९४ तास आकाशात काढले. जानेवारी २०२४ मध्ये ते हत्यार सापडले. सुदैवाने अपघात झाला नाही. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने केलेल्या चौकशीत असे दिसून आले, की हरवलेल्या हत्याराचा शोध घेण्याची ठरलेली पद्धत विमान रवाना होण्यापूर्वी पाळली गेली नव्हती. पद्धत अस्तित्वात होती. ती पाळण्यात कसूर झाली.

खुद्द गोटीने घडवलेला अनर्थही इतिहासात नोंदला गेला आहे. १८ सप्टेंबर १९८० रोजी अमेरिकेतील अर्कान्सॉ राज्यात, डमॅस्कस गावाजवळील क्षेपणास्त्राच्या भूमिगत तळावर काम चालू असताना सुमारे साडेतीन किलो वजनाची एक गोटी दांड्यावरून निसटली. ती २० मीटरांहून अधिक खोल कोसळली व तिने क्षेपणास्त्राच्या इंधनाच्या टाकीस भोक पाडले. दुसऱ्या दिवशी पहाटे तेथे स्फोट झाला. त्यात एका जवानाचा मृत्यू झाला व २१ जण जखमी झाले. त्या दुर्घटनेस कोणतीही फळी अडवू शकली नसती, हे खरे. परंतु दांड्यापासून सुटणारी गोटी ही क्षुल्लक वस्तू नव्हे, याचा त्याहून मोठा दाखला क्वचितच मिळेल.

विमानांच्या कार्यशाळांत यावरील तोडगा फार साधा असतो. प्रत्येक हत्यारासाठी त्याच्याच आकाराची खाच केलेली असते आणि खाचेचा तळ भडक रंगाचा असतो. हत्यार जागेवर असेपर्यंत रंग झाकलेला राहतो. उचलले की रंग दिसू लागतो. कामाच्या शेवटी कोठेही रंग दिसता कामा नये. जपानी कारखान्यांतील व्यवस्थेची जी पाच सूत्रे प्रसिद्ध आहेत, त्यांतील दुसरे सूत्र ‘सेइतोन’ हेही हेच सांगते : प्रत्येक वस्तूला जागा असावी आणि प्रत्येक वस्तू जागेवर असावी. हे तत्त्व गावच्या कार्यशाळेत आणण्यास विमानतळाची आवश्यकता नाही. एक फळी, डझनभर खुंट्या आणि थोडासा लाल रंग पुरतो.

साहित्य

येथे १२ गोट्यांच्या, अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकाच्या संचासाठी फळीचे वर्णन केले आहे. या संचात बहुधा १०, ११, १२, १३, १४, १७, १९, २२, २४, २७, ३० व ३२ मिलिमीटरच्या गोट्या असतात. संच वेगळा असल्यास रीत तीच ठेवून मापे बदलावीत.

फळीसाठी ३०० मिलिमीटर लांब, १२० मिलिमीटर रुंद व १८ मिलिमीटर जाड असा लाकडाचा तुकडा घ्यावा. सागवान किंवा फणसाचे जुने, पूर्ण वाळलेले लाकूड उत्तम. मोडलेल्या कपाटाची फळी किंवा चांगल्या प्लायवुडचा तुकडाही चालतो. ओले लाकूड मात्र कटाक्षाने टाळावे. ते वाळताना वाकते, खुंट्या सैल होतात आणि त्यातील ओलावा गोट्यांना गंज चढवतो.

खुंट्यांसाठी १२ मिलिमीटर जाडीची गोल लाकडी काठी लागते. गोटीच्या मागील चौकोनी भोकाची बाजू १२.७० मिलिमीटर असल्याने १२ मिलिमीटरची खुंटी तीत अलगद जाते, फार हलत नाही आणि अडकूनही बसत नाही. ३/८ इंचाच्या भोकाच्या संचासाठी ९ मिलिमीटरची व पाव इंचाच्या संचासाठी ६ मिलिमीटरची खुंटी घ्यावी.

बाजारात गोल काठी न मिळाल्यास भरीव बांबूची काठी उपयोगी पडते. ती गोल व एकसारखी करण्याची एक सोपी युक्ती आहे. ५ ते ६ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पट्टीला १२ मिलिमीटरचे भोक पाडावे. काठी साधारण १३ मिलिमीटरपर्यंत तासून घ्यावी, तिचे टोक निमुळते करावे व हातोडीने हलके ठोकत भोकातून पार करावी. सोनार ज्याप्रमाणे तार जंतरातून ओढतो, त्याप्रमाणेच येथे जादा लाकूड निघून जाते आणि काठी नेमक्या जाडीची होते.

याखेरीज १२ मिलिमीटर जाड व ३० मिलिमीटर रुंद लाकडी रीप, थोडे खिळे, लाकडास चिकटवण्याचा डिंक, पॉलिशपेपर, व्हार्निश आणि लाल व काळा रंग एवढे साहित्य पुरे. हत्यारांत करवत, गुण्या, मोजपट्टी व १२ मिलिमीटरचे ड्रिल असावे. विजेचे ड्रिल नसेल तर सुताराचे हातड्रिल चालते.

खुंट्यांची जागा कशी ठरवावी

हीच या कामातील महत्त्वाची पायरी होय. खुंट्या समान अंतरावर लावण्याचा मोह होतो, तो टाळावा. लहान गोट्या सैलावून बसतात व मोठ्या एकमेकींस घासतात, असे त्यामुळे घडते. त्याऐवजी पुढील नियम पाळावा : शेजारच्या दोन गोट्यांचे बाहेरील व्यास मोजावेत, त्यांची बेरीज करून निम्मी करावी आणि तीत ८ मिलिमीटर मिळवावेत. येणारी संख्या म्हणजे त्या दोन खुंट्यांच्या मध्यबिंदूंतील अंतर. ८ मिलिमीटरची ही मोकळीक बोटांसाठी आहे. हात तेलकट असतानाही गोटी पकडता आली पाहिजे.

व्यास मोजताना एक काळजी घ्यावी. गोटीवर कोरलेला १९ हा आकडा नटाचे माप सांगतो, गोटीचा बाहेरील व्यास नव्हे. शिवाय निरनिराळ्या कंपन्यांच्या गोट्यांची जाडी वेगवेगळी असते. म्हणून प्रत्येक गोटी प्रत्यक्ष मोजावी. व्हर्नियर कॅलिपर नसल्यास दोन गुण्यांमध्ये गोटी धरून मधले अंतर मोजपट्टीने मोजावे.

उदाहरणादाखल, १९ पासून ३२ पर्यंतच्या सहा गोट्यांचे बाहेरील व्यास अनुक्रमे २७, ३१, ३३, ३७, ४० व ४३ मिलिमीटर आहेत असे समजू. पहिल्या दोन खुंट्यांतील अंतर २७ व ३१ यांच्या बेरजेच्या निम्मे, म्हणजे २९, अधिक ८, म्हणजे ३७ मिलिमीटर. याच रीतीने पुढील अंतरे ४०, ४३, ४६.५ व ४९.५ येतात. फळीच्या डाव्या कडेपासून १० मिलिमीटर मोकळी जागा सोडून पहिल्या गोटीचा अर्धा व्यास मोजला, की पहिल्या खुंटीचा मध्य २३.५ मिलिमीटरवर येतो. तेथून पुढे ६०.५, १००.५, १४३.५, १९० व २३९.५ मिलिमीटरवर उरलेल्या पाच खुंट्या. शेवटच्या गोटीसह व उजव्या मोकळ्या जागेसह एकूण लांबी २७१ मिलिमीटर भरते, म्हणजेच ३०० मिलिमीटरच्या फळीवर ही ओळ आरामात बसते.

लहान सहा गोट्यांची ओळ पुढच्या बाजूस व मोठ्या सहांची मागच्या बाजूस ठेवावी. म्हणजे उंच गोट्यांमुळे लहान गोट्या झाकल्या जात नाहीत. दोन ओळींच्या मध्यरेषांत ४५ ते ५० मिलिमीटर अंतर असावे. पुढच्या ओळीत उजवीकडे जागा उरते. तेथे वळणाऱ्या सांध्यासाठी, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंटसाठी, एक खुंटी वाढवावी.

आखणी लाकडावर करण्यापूर्वी ती जाड कागदावर करून त्यावर सर्व गोट्या मांडून पाहाव्यात. कागद फुकट गेला तर पुन्हा मिळतो. भोक चुकले तर फळी बदलावी लागते.

भोके, खुंट्या आणि कठडा

प्रत्येक मध्यबिंदूवर खिळ्याने हलकी खूण ठोकावी. त्यामुळे ड्रिलचे टोक सरकत नाही. भोक १२ मिलिमीटर खोल असावे, आरपार नसावे. ड्रिलच्या टोकापासून १२ मिलिमीटरवर रंगीत चिकटपट्टी गुंडाळली, की ती फळीला टेकताच थांबावे. भोक सरळ उतरावे म्हणून ड्रिलशेजारी गुण्या उभा धरावा व दुसऱ्या व्यक्तीने बाजूने पाहत राहावे. वाकड्या खुंटीवर गोटी तिरकी बसते आणि शेजारणीस अडते.

खुंट्या ३५ मिलिमीटर लांबीच्या कापाव्यात. त्यांतील १२ मिलिमीटर फळीत जातात व २३ मिलिमीटर वर राहतात. वरच्या टोकाची धार पॉलिशपेपरने मोडावी, म्हणजे गोटी न पाहताही बसवता येते. खालच्या टोकाच्या बाजूला करवतीने एक बारीक उभी खाच द्यावी. खाच नसेल तर भोकातील हवा व डिंक कोंडून खुंटी पूर्ण खाली बसत नाही. डिंकाचा एकच थेंब पुरतो. खुंट्या बसवल्यावर फळी एक दिवस हलवू नये.

त्यानंतर चारही बाजूंनी रीप खिळ्यांनी जोडावी. ती फळीच्या वर १२ मिलिमीटर उरते व कठड्याचे काम करते. निसटलेली गोटी अगर नट जमिनीवर जात नाही. उचलण्यासाठी दोन्ही बाजूंना कपाटाचे जुने मुठीचे तुकडे किंवा दोरीचे फास लावावेत.

लाल वर्तुळ

आता या फळीचा जीव ठरणारे काम उरते. सर्व गोट्या खुंट्यांवर ठेवून प्रत्येकीभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढावे. गोट्या काढून, वर्तुळाच्या किंचित आतपर्यंत लाल रंग भरावा. बाकीची फळी लाकडाच्या नैसर्गिक रंगात ठेवावी. वर्तुळाच्या खाली काळ्या रंगाने माप लिहावे. गोटीवर ज्या आकड्यांत माप कोरलेले असते, त्याच आकड्यांत ते लिहिणे सोयीचे. इंचाच्या गोट्यांसाठी वेगळी फळी करावी व तिचा कठडा निळा रंगवावा. दोन्ही मापे एकाच फळीवर कधीही मिसळू नयेत.

रंग वाळल्यावर गोट्या जागी ठेवल्या की फळीवर लाल रंग दिसत नाही. एक गोटी उचलली की एक लाल ठिपका उघडा पडतो. दहा हातांवरून, मळक्या उजेडात, घाईच्या वेळीही तो दिसतो. डब्यातील बाराऐवजी अकरा गोट्या कोणाच्याही ध्यानात येत नाहीत, कारण त्यासाठी मोजावे लागते. फळीवर मोजावे लागत नाही. रिकामी खुंटी स्वतःच सांगते. गोट्या ठेवण्यासाठी फळी करावी, हे अर्धेच खरे आहे. कोणती गोटी फळीवर नाही हे कळावे, यासाठी ती करावयाची असते.

होडीवर व मोटारसायकलवर न्यायची पेटी

धक्क्यावर वा शेतात काम करणाऱ्यास उघडी फळी पुरत नाही. धक्क्यांनी गोट्या खुंट्यांवरून उडतात. त्याने हीच फळी पत्र्याच्या किंवा लाकडी पेटीत बसवावी. पेटीच्या झाकणाच्या आतील बाजूस जुन्या रबरी चपलांच्या तळव्यांचे तुकडे चिकटवावेत. झाकण बंद होताच ते गोट्यांवर दाबून बसतात आणि पेटी आडवी झाली तरी एकही गोटी जागा सोडत नाही. गोट्यांच्या उंचीतील फरकाप्रमाणे रबराचे एक किंवा दोन थर द्यावेत.

लांब गोट्या आणि जोडदांडे उभे ठेवण्याऐवजी आडवे ठेवावेत. ४० मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप लांबीत मधोमध चिरला असता दोन पन्हळी मिळतात. त्या पेटीच्या तळाशी स्क्रूने बसवल्या की काम भागते.

चपलेच्या रबरासारख्या पाणी न शोषणाऱ्या जाड तुकड्यात खाचा कापून खुंट्यांविनाही पेटी करता येते. मात्र गादीतला स्पंज त्यासाठी वापरू नये. तो तेल व पाणी धरून ठेवतो आणि गोट्या आतून गंजतात. जुन्या लाउडस्पीकरचे लोहचुंबक लावून गोट्या चिकटवण्याची युक्ती काही ठिकाणी दिसते. तीही टाळणे बरे. चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटतो, गोटी चुंबकित होते आणि तो कीस पुढे इंजिनात जातो.

पावसाळा आणि गंज

गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि किनाऱ्यावरील हवेत मिठाचा अंश असतो. गोटीवरील चकचकीत मुलामा एकदा ओरखडला, की तेथून गंज आत शिरतो. फळी पूर्ण झाल्यावर तिला सर्व बाजूंनी, खालूनही, व्हार्निशचे दोन हात द्यावेत. खुंट्यांना एक हात पुरे, अन्यथा त्या जाड होऊन गोटी अडकेल. दिवसाचे काम संपल्यावर गोट्या फडक्याने पुसाव्यात व पावसाळ्यात महिन्यातून एकदा पातळ तेलाचा हात फिरवावा. पेटी भिंतीस चिकटून किंवा थेट जमिनीवर ठेवू नये. समुद्राच्या पाण्यात पडलेली गोटी आधी गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, मगच खुंटीवर ठेवावी.

फळीबरोबर येणारी शिस्त

फळी भिंतीवर टांगली म्हणजे शिस्त आपोआप येते असे नाही. त्यासाठी तीन साधे नियम पुरतात. पहिला, यंत्र सुरू करण्यापूर्वी फळी पाहावी. लाल ठिपका दिसला तर कळ दाबू नये. दुसरा, गोटी दुसऱ्यास द्यावयाची झाल्यास तिच्या खुंटीवर घेणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी अडकवावी. तिसरा, गोटी सापडत नसल्यास ते लगेच सांगावे आणि सांगणाऱ्यास रागावू नये.

तिसऱ्या नियमाचे महत्त्व विशेष आहे. अनेक कार्यशाळांत हरवलेल्या हत्याराची किंमत शिकाऊ मुलाच्या मजुरीतून कापली जाते. परिणामी मुलगा गप्प राहतो आणि गोटी यंत्रात असली तरी कोणास कळत नाही. ज्या ठिकाणी खरे बोलण्याची शिक्षा होते, त्या ठिकाणी लाल वर्तुळही मुके होते. गोटी नवी आणता येते. फुटलेले इंजिन किंवा गमावलेले बोट परत आणता येत नाही.

शासकीय कार्यशाळा, पंचायतींचे पाणीपुरवठा पंप व प्रशिक्षण संस्था यांच्याकडील हत्यारांची नोंद जडसंग्रह नोंदवहीत असते. ती वर्षातून एकदा पडताळली जाते. नोंदवही वस्तू हरवल्याचे वर्षाअखेरीस सांगते, तर फळी त्याच संध्याकाळी. दोहोंचा मेळ घालणे अवघड नाही : संचाचा नोंदवहीतील क्रमांक फळीच्या कठड्यावर रंगवावा व खुंट्यांची संख्या नोंदीशी जुळती ठेवावी. पडताळणीचे काम त्यामुळे काही मिनिटांवर येते.

शाळेसाठी एक पाठ

व्यवसाय शिक्षणाच्या वर्गांना व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ही फळी करावयास देण्यासारखी आहे. तीत मोजमाप आहे, त्रिज्या व व्यास यांचा प्रत्यक्ष उपयोग आहे, अपूर्णांकांचे दशांशात रूपांतर आहे आणि लाकूडकामाचे प्राथमिक धडेही आहेत. ११/१६ इंच म्हणजे किती मिलिमीटर, हा प्रश्न फळ्यावर कंटाळवाणा वाटतो. समोर झिजलेला नट ठेवून तोच विचारल्यास विद्यार्थी उत्तर स्वतः शोधतात. एकास एक संगती ही गणितातील कल्पना तर येथे हातात धरता येते : जितक्या खुंट्या तितक्या गोट्या, आणि एक जरी उरली तरी काहीतरी चुकले आहे.

ज्या विद्यार्थ्याने स्वतः फळी केली, तो तिच्यावर गोटी परत ठेवण्यास सहसा विसरत नाही. विकत आणलेल्या पेटीबाबत अशी आपुलकी क्वचितच आढळते.

ऑगस्टच्या पहिल्या दिवशी होड्या पुन्हा समुद्रात जातात. धक्क्यावरचा मेकॅनिक शेवटचा नट आवळून हात पुसतो, खलाशी कळीकडे हात नेतो. त्या दोन क्षणांच्या मध्ये एक दृष्टिक्षेप फळीकडे टाकण्याइतका अवकाश नेहमीच असतो. बाराही खुंट्या भरलेल्या असतील, तर इंजिन निर्धास्तपणे सुरू करावे.